उत्तर आधी, प्रश्न नंतर : शालेय लैंगिक शिक्षणाच्या मराठीचा विचार

१

लैंगिक ज्ञान मुलांना द्यावे की देऊ नये, याविषयी महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षे वाद चालू आहे. हा वाद बहुधा नीतीचा वाद म्हणून मांडला जातो. एक पक्ष संस्कृतीच्या रक्षणाची भाषा बोलतो, दुसरा आरोग्याची. प्रस्तुत लेखात या वादाकडे निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. लैंगिक शिक्षण हे अखेर कोणी तरी, कोणाला तरी, कोणत्या तरी शब्दांत सांगितलेले असते. म्हणजे त्याला एक संहिता असते, निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो. जेथे या तीन गोष्टी आहेत तेथे समीक्षेला अधिकार पोचतो. ही संहिता कोणाला उद्देशून लिहिली आहे आणि तिने कोणाला बाहेर ठेवले आहे, हा प्रश्न डॉक्टराइतकाच भाषेच्या अभ्यासकानेही विचारावयास हवा.

विवेचनासाठी मुलचेरा तालुक्यातील शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन जो गडचिरोली जिल्हा झाला, त्यातील हा एक वनव्याप्त तालुका. येथे मराठी आहे, गोंडी व माडिया आहे, तेलुगू आहे, आणि पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगालीही आहे. शाळेची भाषा मात्र प्रायः मराठी. ज्या वर्गात चार भाषा घरून येतात, त्या वर्गात पाठ्यपुस्तकाच्या भाषेची परीक्षा आपोआपच कडक होते.

'समावेशक' हा शब्दही आरंभीच स्पष्ट केलेला बरा. ज्याचे मन समलिंगी व्यक्तीकडे ओढ घेते, ज्याला जन्मतः दिलेले लिंग आपले वाटत नाही, ज्याचे शरीर जन्मतःच स्त्री वा पुरुष या आकृतीत नीट बसत नाही, अशा मुलांनाही जे शिक्षण आपले वाटेल ते समावेशक, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. अशा मुलांसाठी पुस्तकाच्या शेवटी एक परिच्छेद जोडला की शिक्षण समावेशक होते, ही समजूत चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोष शिक्षणाच्या रूपातच असेल, तर पुरवणीने तो जात नाही.

२

मराठीत या विषयाची पहिली सलग आणि निर्भय संहिता म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक. १९२७ च्या जुलैमध्ये ते निघाले आणि १९५३ साली कर्व्यांच्या निधनापर्यंत त्यांनी ते जवळजवळ एकहाती चालविले. त्यापूर्वी १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि या मतांपायी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकपदावर त्यांना पाणी सोडावे लागले होते. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या मासिकाच्या रूपाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'समाजस्वास्थ्या'त वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. वाचक पत्र लिही, संपादक उत्तर देई. वरवर पाहता ही नियतकालिकांची नेहमीची रीत. परंतु लैंगिक विषयात या रीतीला वेगळे मोल येते. येथे विषय कोणता निघावा हे संपादक ठरवीत नाही, विचारणारा ठरवितो. ज्या गोष्टीला पाठ्यक्रमात कधीच जागा मिळाली नसती, ती गोष्ट पत्राच्या पाकिटातून आत येते. १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा जो दुसरा खटला झाला, तो अशाच उत्तरांबद्दल होता. वाचकांनी हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी विचारले होते व कर्व्यांनी उत्तरे दिली होती. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेले आहे, वाचक शंका विचारतो आहे, तर शास्त्राच्या आधारे उत्तर देण्यात अश्लील ते काय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

या खटल्यातून समीक्षकाने घ्यावयाची गोष्ट अशी की, समलिंगी आकर्षणाचा विषय मराठी सार्वजनिक गद्यात आला तो कोणा सुधारकाच्या कार्यक्रमातून आला नाही. सामान्य वाचकाच्या शंकेतून तो आला. प्रश्न विचारण्यास वाव होता म्हणून तो पुढे आला. समावेशकता ही त्या रूपाचाच गुण होती.

कर्व्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचा वाचक हा मराठी लिहू-वाचू शकणारा आणि वर्गणी भरू शकणारा होता. पत्र टाकणाऱ्याला आपली ओळख झाकता येत होती, आणि ती सोय लिहिता येण्यावर अवलंबून होती. ज्याला लिहिता येत नाही, किंवा ज्याच्या बोलीत त्या गोष्टीला शब्दच नाही, त्याचा प्रश्न या मासिकापर्यंत कसा पोचणार? या प्रश्नाचे उत्तर पुढे अर्ध्या शतकाने मिळाले, आणि ते गडचिरोलीतून मिळाले.

३

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा वा लैंगिक स्वरूपाचा किमान एक तरी विकार आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या आकड्यांनी जगाचे लक्ष वेधले, कारण तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गरोदरपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा जात नव्हता.

भाषेच्या अभ्यासकाला या आकड्यांमागील एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. हे विकार असलेल्या स्त्रिया काही मुक्या नव्हत्या. 'अंगावर पांढरे जाते' हे त्या एकमेकींना सांगतच होत्या. दवाखान्यात ते कोणी विचारले नव्हते, आणि विचारले तरी त्यांच्या शब्दांत विचारले नव्हते. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकाचे नावच या दृष्टीने बोलके आहे. कानोसा घेणे म्हणजे आपण गप्प राहून दुसरीकडची चाहूल ऐकणे. कर्व्यांच्या मासिकात प्रश्न लिहून येत असे. येथे प्रश्न ऐकून घ्यावा लागला. दोन्हींत क्रम एकच: प्रथम ज्याचे शरीर त्याचे बोलणे, मग शास्त्राचे उत्तर. पुढे याच कार्यातून किशोरवयीन मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' हा उपक्रम उभा राहिला. ज्या जिल्ह्याला आपण मागास म्हणून नोंदवितो, त्याच जिल्ह्यात लैंगिक शिक्षणाचा एक स्वतंत्र मराठी पाठ तयार झाला, ही नोंद वाङ्मयेतिहासातही व्हावयास हवी. त्या कार्याचा मुख्य भर स्त्रियांच्या आरोग्यावर होता. समलिंगी वा पारलिंगी मुलांचा प्रश्न त्याच रीतीने ऐकण्याचे काम अद्याप उरलेले आहे.

येथे एका मोहापासून सावध राहणे आवश्यक आहे. गडचिरोलीचा विषय निघाला की 'गोटुल' हा शब्द हमखास येतो, आणि आदिवासी समाजात लैंगिक शिक्षण पूर्वीपासूनच होते असे समाधानाने म्हटले जाते. व्हेरिअर एल्विन यांचा गोटुलावरील प्रसिद्ध ग्रंथ १९४७ सालचा आहे आणि तो बस्तरमधील मुरिया समाजाविषयी आहे. त्यातील वर्णन उचलून गडचिरोलीच्या माडियांना चिकटविणे शास्त्रीय नव्हे. दुसऱ्या बाजूने 'कुर्माघर' पाहून सर्वच परंपरा अंधाराची म्हणणेही तितकेच उथळ ठरेल. पाळीच्या दिवसांत स्त्रीने गावाबाहेरच्या किंवा घरापासून दूरच्या झोपडीत राहावयाचे, ही रूढी त्रासदायक आहे, आणि पावसाळ्यात व आजारपणात ती जिवावर बेतणारी ठरू शकते. परंतु तेथे स्त्रिया एकमेकींशी काय बोलतात हे न ऐकताच त्या रूढीविरुद्ध धडा लिहिला, तर तो धडा मुलीला आईविरुद्ध उभे करील आणि मग मुलगी गप्प होईल. गौरव आणि निषेध या दोन्ही वृत्तींत एक दोष समान आहे. ऐकण्याआधीच उत्तर तयार असते.

४

आता शाळेच्या संहितेकडे वळू. राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननावर सविस्तर प्रकरण आहे. अमिबाच्या द्विविभाजनापासून त्याचा आरंभ होतो, मग फुलाचे भाग येतात, आणि शेवटी मानवाचे वृषण, अंडाशय, गर्भाशय, युग्मक व फलन येते. शास्त्र म्हणून ही मांडणी निर्दोष आहे, आणि असे प्रकरण पुस्तकात असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तिचा वाचक कोण? या क्रमाने चालणारा पाठ 'मला काय होत आहे' या प्रश्नाचे उत्तर देत नाही, 'जाती कशी टिकते' या प्रश्नाचे देतो. तो प्रश्न जीवशास्त्राचा आहे, चौदा वर्षांच्या मुलाचा नव्हे. ज्याच्या शरीराला वा ओढीला प्रजननाच्या आकृतीत जागा नाही, ते मूल या पाठातून न सांगताच वगळले जाते. कोणी द्वेषाने वगळलेले नाही. वाक्याचा कर्ता 'सजीव' असल्यामुळे ते वगळले गेले आहे. शिवाय हे सर्व दहावीत येते, आणि पाळी सुरू होते ती त्याच्या कितीतरी आधी.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला होता. केंद्र शासनाने किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आखला व त्याचे साहित्य राज्यांकडे आले. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला, आणि पक्षभेद विसरून झालेल्या विरोधानंतर शासनाने तो शिक्षणक्रम थांबविला. मध्य प्रदेश, कर्नाटक व गुजरात यांनीही त्याच सुमारास तसेच केले. २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीचा कौलही प्रतिकूलच पडला.

या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण समीक्षकाला ते शोभणारे नाही. विरोधकांच्या आक्षेपात एक तथ्य होते: ते साहित्य दुसरीकडे तयार होऊन येथे आले होते. शिक्षकाला ते आपले वाटत नव्हते, पालकांना त्याची पूर्वकल्पना नव्हती, आणि मुलांनी काय विचारले आहे हे कोणी पाहिले नव्हते. मात्र या तथ्यातून निघणारा निष्कर्ष 'साहित्य नव्याने, येथे, येथल्यांसह तयार करा' असा होता. निघाला तो 'बंद करा' असा. १९३४ आणि २००७ या दोन वर्षांमध्ये ७३ वर्षांचे अंतर आहे. त्या काळात कायदे बदलले, औषधे बदलली, विवाहाचे वय बदलले. उत्तर देणाऱ्याला शिक्षा करून प्रश्न मिटतो, ही समजूत तेवढी बदलली नाही.

पुढे कायदा शाळेच्या पुढे निघून गेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, २०१८ साली प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, आणि २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर पारलिंगी विद्यार्थ्यांना समावेशक शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली. तरीही २०२१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पारलिंगी मुलांविषयी शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका काही दिवसांतच परिषदेच्या संकेतस्थळावरून काढली गेली. हक्क कागदावर आले, पण ते वर्गात उच्चारावयाचे शब्द पुन्हा मागे घेतले गेले.

५

शब्दांचा हा प्रश्न मुलचेऱ्याच्या वर्गात कसा दिसतो ते आता पाहू. शाळेत मुलाला 'लिंग' हा शब्द प्रथम भेटतो तो व्याकरणाच्या तासाला: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. मराठीत हाच शब्द व्याकरणाचा, हाच शरीराचा, हाच देवाचा. 'नपुंसक' ही व्याकरणाची संज्ञा वर्गाबाहेर शिवी होते. मग 'लिंगभाव' हा नवा शब्द घेऊन शिक्षक उभा राहिला की मागच्या बाकावर हसू फुटते. त्यात मुलांचा दोष मानण्याचे कारण नाही.

मराठीची आणखी एक सक्ती आहे. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतील एक निवडल्याशिवाय मराठी बोलणाऱ्याला 'मी' म्हणून अनेक साधी वाक्येही पुरी करता येत नाहीत. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, आणि तो व ती यांना सर्वनामही एकच आहे. तेलुगूत आणि गोंडीत एकवचनी पुरुषवाचक एका बाजूला, आणि स्त्री व इतर सर्व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी आहे. या तिन्ही घरांतून आलेले मूल मराठी शिकताना लिंगाची चूक करणारच. एखादा मुलगा 'मी येते' म्हणतो आणि वर्ग हसतो. ते हसू व्याकरणाच्या चुकीला असते, की मुलाने मुलीसारखे बोलण्याला? बहुधा दोन्हींना, आणि वर्गाला त्यांतील फरक कळत नसतो. लिंगभावाचा पहिला धडा येथे शिकविला जातो, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. ज्या मुलाला आपण मुलगा आहोत की नाही याचीच शंका आहे, त्याला हा धडा कसा लागत असेल याची कल्पना करावी.

व्याकरणावरून समाजाविषयी घाईने अनुमान मात्र काढू नये. बंगालीत लिंगभेद नाही म्हणून बंगाली घरात स्त्रीपुरुष समान झाले असे होत नाही. आणि कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यावरून त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. हे उदाहरण उलट आपल्या उपयोगाचे आहे. बोलीने जे सहज सामावून घेतले आहे, त्याला शाळेची प्रमाण मराठी चूक ठरविते. आणि प्रमाण मराठीनेही एक दार उघडे ठेवलेले आहेच: 'मूल', 'लेकरू' आणि 'पोर' हे शब्द आपण नपुंसकलिंगी योजतो. मुलगा की मुलगी हे ठरण्याआधी भाषेने त्याला मूल म्हणून स्वीकारलेले असते. शिक्षकाने वर्गाला बोलताना ही सोय वापरली तर कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही.

घरगुती शब्दांची संपत्तीही लहान नाही. 'न्हाण येणे', 'पदर येणे', 'शहाणी होणे', 'वयात येणे', 'मिसरूड फुटणे' हे शब्द वाढीचा स्वीकार करणारे आहेत. 'विटाळ', 'कावळा शिवणे', 'बाहेर बसणे' हे दूर सारणारे आहेत. पाठ्यपुस्तकाने या दोन्ही गटांना टाळून तिसरीच संस्कृत परिभाषा उभी केली. 'पौगंडावस्था' हा त्यातलाच एक शब्द. संस्कृतात तो बाल्याच्या टप्प्याला लागणारा, मराठीत तो वयात येण्याला लावला, आणि ज्याची ती अवस्था आहे त्यालाच तो कळत नाही. सभ्यतेसाठी योजलेली परिभाषा अशा रीतीने मौनाचेच दुसरे रूप होऊन बसते.

६

या मौनाची किंमत वाङ्मयीन नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. त्या कायद्याने मिळणारे संरक्षण बहुतेक वेळा मुलाने तोंड उघडण्यापासून सुरू होते. कोणी कोठे हात लावला हे सांगावयास मुलाजवळ शब्द हवा, आणि तो शब्द उच्चारल्याबद्दल आपल्यालाच बोलणी बसणार नाहीत असा विश्वास हवा. ज्या शाळेने त्या अवयवाचे नाव शिवी म्हणूनच कानी पडू दिले, त्या शाळेतील मूल तक्रार कोणत्या भाषेत करील? वसतिगृहात राहणारे, घरापासून दूर असलेले, घरची भाषा निराळी असलेले मूल या बाबतीत सर्वांत निराधार असते. त्यातही ज्याला बायकी म्हणून आधीच चिडविले जाते त्याच्यावर अन्याय झाला, तर तो सांगावा कसा आणि सांगितल्यावर कोण विश्वास ठेवील, हे दुहेरी ओझे त्याच्यावर पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींविषयीच्या निकालात लैंगिक शिक्षणाची आवश्यकता आवर्जून सांगितली, ती याच संदर्भात समजून घ्यावी.

वरील विवेचनातून एक मागणी निघते: लैंगिक शिक्षणाचा पाठ प्रश्नापासून सुरू व्हावा. मुलांनी नाव न घालता लिहिलेले, किंवा विश्वासाच्या व्यक्तीला तोंडी सांगितलेले प्रश्न हा त्याचा आरंभ. लहान शाळेत अक्षर ओळखू येते, म्हणून हे प्रश्न एकाच शाळेत न वाचता तालुक्यातील अनेक शाळांतून एकत्र करावेत, नव्याने लिहून काढावेत, आणि मगच उत्तरे द्यावीत. या रीतीने समलिंगी वा पारलिंगी मुलाला हात वर करावा लागत नाही. त्याचा प्रश्न इतरांच्या प्रश्नांत मिसळून येतो, आणि उत्तर सर्वांनाच मिळते. कर्व्यांच्या मासिकाने जी आडोशाची सोय शहरी वाचकाला दिली होती, तीच येथे मिळेल. जो लिहीत नाही त्याच्यासाठी कानोसा आहेच.

यावर असा आक्षेप येईल की, मुले नको ते विचारतील आणि शिक्षकाला उत्तर येणार नाही. मुले नको ते विचारतील हे खरे. ते 'नको ते' आजही विचारले जातेच, मात्र भ्रमणध्वनीच्या पडद्याला. उत्तर न येणे ही शिक्षकाची नामुष्की नव्हे. 'हे मला माहीत नाही, विचारून सांगतो' हे वाक्य गणिताच्या तासाला चालते, तर येथेही चालावे. पालकांना प्रश्नांची यादी आधी दाखविली तर विरोधाचा बराचसा भाग ओसरेल, असेही वाटते. आपल्या मुलांच्या मनात काय आहे हे पाहिल्यावर ते साहित्य परके राहत नाही.

शेवटी आपल्या विभागापुरते. शरीर, वाढ, ओढ व स्पर्श यांविषयीचे मराठी, गोंडी-माडिया, तेलुगू व बंगाली शब्द एकत्र मांडणारा, घरात चालेल तो, वर्गात चालेल तो आणि ठाण्यात नोंदविता येईल तो, असा प्रत्येक गोष्टीचा तिहेरी शब्द देणारा लहानसा कोश तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. मात्र मुलांचे प्रश्न हे संशोधनाचे नमुने म्हणून गोळा करू नयेत. शब्द मोठ्यांकडून, त्यांच्या संमतीने घ्यावेत. हे काम केवळ वैद्यकाचे वा शिक्षणशास्त्राचे आहे असे म्हणून आपण आजवर दूर राहिलो. वस्तुतः येथे अडलेली गोष्ट शब्दाची आहे, आणि शब्दाचा अभ्यास करणाऱ्यांनी तेथून दूर राहणे योग्य नाही.